तळाच्या खणाची किल्ली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलूपकिल्लीचा, गल्लीत ‘चौकशीमास्तर’ या नावाने ठाऊक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि शाबूत डोक्याने लिहीत आहे. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. तो देताना त्यांनी मला सात प्रश्न विचारले, मी त्यांना अकरा विचारले.

कलम १. राहती खोली व बँकेतली शिल्लक मुलीला. खोली विकली तरी माझी हरकत नाही. घेणारा कोण आणि त्याला हीच खोली का हवी, हे मात्र तिने माझ्या वतीने विचारून घ्यावं.

कलम २. किल्ली कापायचं मशीन, कानशी व बाकी हत्यारं पलीकडच्या तंत्रशाळेला. त्यावर शिकणाऱ्या प्रत्येकाला कलम ४ वाचून दाखवावं.

कलम ३. दुकानातल्या दोन स्टुलांपैकी डगमगणारं मेहुण्याला. माझ्या चौकशांना तो जन्मभर भोचकपणा म्हणत आला. त्यावर बसून त्याने एकदा तरी कोणाला “कसा आहेस?” असं विचारावं आणि उत्तर संपेपर्यंत उठू नये.

कलम ४. दुकानामागच्या खोलीतलं लोखंडी कपाट माझ्या धाकट्या भावजयीला. हे कलम लांबणार आहे.

मी पूर्वी चौकशी करणारा नव्हतो. ‘आत काय आहे’ असं गिऱ्हाइकाला विचारणं आमच्या धंद्यात वाईट समजतात. एकोणीस वर्षांपूर्वी धाकटा भाऊ भर दुपारी आला आणि कपाटाची किल्ली हरवली म्हणाला. मी त्याच्या घरी जाऊन दोन मिनिटांत कुलूप उघडलं, वर असलं कुलूप लावून माझी अब्रू घालवतोस म्हणून थट्टाही केली. किल्ली हरवली नव्हती. त्याचं मन ठिकाणावर नाही हे ओळखून भावजयीने त्याच्या हाताशी नको ते सगळं आत ठेवलं होतं आणि किल्ली स्वतःजवळ घेतली होती. त्याच आठवड्यात भावाने स्वतःचा जीव संपवला.

भावजयीने मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, “भाऊजी, कुलूप मी लावलं होतं. तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं.” हे लिहितानाही मला लाज वाटते आणि रडू येतं.

महिन्याभराने ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि तिने सरळ विचारलं, “तुमच्याही मनात जीव द्यायचं येतं का?” मी हो म्हणालो. “मग हाताशी जे आहे ते माझ्याकडे द्या. बरं वाटलं की मागा.” दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. कपाट तिथून सुरू झालं. वरच्या खणांत गल्लीतल्या लोकांचं सामान असतं. त्या खणांना दोन कुलपं आहेत, एक किल्ली माझ्याकडे, एक तिच्याकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय ते उघडत नाहीत. तळाचा खण माझा. त्याची किल्ली फक्त तिच्याकडे.

तेव्हापासून कुलूप दुरुस्तीला गेलो की मी विचारतो : घरात सगळे कसे आहेत, झोप लागते का, आणि सध्या कोणाच्या हाताशी नसलेलं बरं असं काही घरात आहे का. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी मला धास्ती होती, ती डॉक्टरीणबाईंनी काढली. उलट माणसं मोकळी होतात. गल्लीतल्या एका निवृत्त ड्रायव्हरच्या घरी दाराची कडी बसवायला गेलो होतो, काम पंधरा मिनिटांचं, बसलो तीन तास. त्याने स्वतः पिशवी भरून दिली आणि विचारलं, “मास्तर, उद्या पण याल ना विचारायला?” चाळीस दिवस गेलो. एक्केचाळिसाव्या दिवशी, बिस्किटं संपवता म्हणून त्याने मला हाकललं. इतका आनंद मला कुठल्याच अपमानाने झाला नाही.

वरच्या खणांची माझ्याकडची किल्ली माझ्यामागे या ड्रायव्हरने सांभाळावी. कोणाची वस्तू काय होती हे कोणालाही सांगू नये.

कलम ५. तळाचा खण माझ्यामागे भावजयीने उघडावा आणि आतलं डॉक्टरीणबाईंच्या हवाली करून नष्ट करवावं. मी ते कधी परत मागितलं नाही. ते कुलूप मला दोन मिनिटांत उघडता आलं असतं, पण एकोणीस वर्षांत मी त्याला हात लावला नाही. दर सोमवारी ती येते, न डगमगणाऱ्या स्टुलावर बसते आणि विचारते. तेवढ्यासाठी मी सोमवारपर्यंत थांबत आलो. ते स्टूलही तिलाच.

लाभ घेणाऱ्याने साक्ष करू नये असं वकील म्हणाले, म्हणून तिची सही इथे नाही.

ठिकाण : दुकानामागची खोली, कपाटासमोर. दिनांक : १४ मार्च, सोमवार.

लिहून देणार : चौकशीमास्तर (सही)

साक्षीदार १ : औषधांच्या दुकानाचे मालक (सही)

साक्षीदार २ : निवृत्त ड्रायव्हर (सही). सही करण्याआधी मी मास्तरांना विचारलं, हे आत्ताच का लिहिताय, मन बरं आहे ना. हृदय थकलंय, मन बरं आहे, असं ते म्हणाले. मी उद्या पुन्हा विचारायला येणार आहे.