‘जमीन रुसली’ यावर खूण करावी की नाही

दिग्रस

तीर्थस्वरूप रूपसिंग मामांस,

इंद्रजितचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि म्हैस ही तिघंही बरी असतील असं धरून चालतो, कारण चौकशी संपेपर्यंत माझा राग थांबायला तयार नाही. (इथं ‘थांबायला’ या शब्दावर खूण होते. राग काही बसस्टँडवरचा माणूस नाही. पण हे तुमच्या मुलीला कोण सांगणार?)

लोकांचं बोलणं गोळा करणाऱ्या ऑफिसचं काम मी इथं आणि उर्वशी तुमच्याकडे ढाणकीला, मोबाइलवर करतो, हे तुम्ही जाणताच. हजारो वाक्यं येतात. जो शब्द मूळ अर्थानं आलेला नाही, त्यावर खूण करायची. एकमेकांना विचारायचं नाही आणि तरी दोघांच्या खुणा जुळल्या पाहिजेत. मी नियम पाठ केले. (दहावीला इतकं पाठ केलं असतं तर, असं आई म्हणते.) ‘डोकं तापलं’वर मी दरवेळी खूण करतो. उर्वशी सोमवारी सोडते, शुक्रवारी करते! ‘भाव पडला’ तर कधीच नाही. न जुळलेली वाक्यं परत आली तेव्हा मी फोन केला, तर म्हणते, “अरे, भाव तं पडतेच! दुसरं काय करन तो?”

पण खरं भांडण तुमच्यामुळे आहे. ऑफिसचे रेकॉर्डिंगवाले तुमच्या गावी आले तेव्हा बाकीचे दोन वाक्यं बोलून चहाला गेले, तुम्ही दुपारभर बोललात, तेही जमिनीबद्दल. ‘जमीन रुसली.’ ‘यंदा जमीन माह्याशी बोलत नाही.’ मी सगळीकडे खुणा केल्या, उर्वशीनं एकही नाही. “बाबा खरंच तिची समजूत काढाले जातेत. बांधावर बसून माफी मागतेत. तू कायले खूण करून राह्यला?” आता आमच्या खुणा तपासणाऱ्या, ऑफिसातल्या इंदुताई मॅडमनी कळवलंय, या खेपेला खुणा जुळल्या नाहीत तर दोघांचंही काम बंद. म्हणजे मी पुन्हा जिनिंगमध्ये कापूस ओढायचा, आणि तिथल्या मुकादमाच्या शिव्यांत एकही शब्द मूळ अर्थाचा नसतो.

तुमच्यावर रागावलेला भाचा,
इंद्रजित

ता. क. : बोलणाऱ्याच्या मनात काय होतं हे विचारायला इंदुताई तुम्हालाच फोन करणार आहेत. तुम्ही म्हणाल तो निकाल. तेव्हा कृपा करून एवढंच सांगा : “जमीन कशाची रुसते बाई! म्या आपलं असंच म्हटलं.”

ता. क. २ : मात्र हे शेतात उभं राहून सांगू नका. फोन वाजला की आधी डांबरी रस्त्यावर या, आणि हळू बोला. पेरणी जवळ आली आहे, उगाच जमिनीच्या कानावर जायला नको.