भाल्याची शेपटी

३ ऑक्टोबर १९५६
प्रवास झकास झाला. ऊन कोवळं, घराघराच्या वळचणीला तेंदूची फळं वाळत घातलेली. शिंतो देवळाचे पुजारी कुरामोची स्वतः बसपाशी आले. त्यांच्या बायकोनं, ताने-बाईंनी, अळंबी घालून भात केला होता. तीन वाट्या हाणल्या. जुन्या शस्त्रांच्या पारख्याला काम सोपं आहे. उत्सवात मिरवायचा भाला खरंच चारशे वर्षांचा का, आणि कुठल्या भट्टीचा, एवढं लिहून द्यायचं. कुरामोची म्हणाले, मास्तर, वय भाल्याचं सांगा, हिचं तेवढं राहू द्या. ताने-बाईंनी त्यांना डाव फेकून मारला.

४ ऑक्टोबर
मेख काढून पात्याची शेपटी, म्हणजे दांड्यात रुतलेलं टोक, बाहेर ओढली. शी! जुना गंज काळा, कोरडा असतो. हा नारिंगी, ओलसर, मासळीच्या घाणीसारखा वास मारणारा. पातं बघताना थुंकी उडू नये म्हणून आम्ही ओठांत कागद धरतो. पण इतकी किळस आली की कागद काढून ओरडलोच, अहो, हा तर कालचा माल! थुंकी शेपटीवर उडाली. आमच्या धंद्यात याहून मोठा गाढवपणा नाही. पुसायला गेलो, तर कुरामोचींनी हात धरला. राहू द्या म्हणाले, बरेच दिवस उपाशी होता तो.

५ ऑक्टोबर
चहाला लोखंडाची चव. दातांमागे नारिंगी बुळबुळीत थर. नखानं खरवडला, तासात पुन्हा आला. भाल्याची शेपटी मात्र अर्धी काळी, कोरडी झालीय. ‘नकली’ लिहून दुपारच्या बसनं निघणार होतो. कुरामोची म्हणाले, आधी खरा दाखला द्या, मग कुठंही जा.

६ ऑक्टोबर
भात गिळवत नाही. ओकलो — गंजाचे पापुद्रे पडले. शेपटीचा गंज टोकरला. थराखाली थर. सगळ्यात खाली एक — दाढ. माणसाची.
ताने-बाई लाडानं सांगत होत्या, गावातल्यांचं तोंड त्याला चालत नाही हो, जाणकाराचंच लागतं. मागचे मास्तर तर फार गोड होते.

७ ऑक्टोबर
बसपर्यंत गेलो नाही. गुडघे वाकत नाहीत. जीभ — हलवली की करकरते. स्वतःचीच घाण वाटते —
शेपटी पूर्ण काळी. कोरडी. सुंदर. चुकलो होतो मी.
कुरामोचींनी दौत पुढं सरकवली. लिहा म्हणाले.
वय — चारशे वर्षं. अस्सल.
ओला गंज गेला कुठं —
माझ्या तों