टेड्या, इकडे!

गुरुवार, ८ मे
आलं! मुख्य संघात नाव आलं! वर्षभर ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या दुय्यम संघात चिखल तुडवला, आज कोचनं सगळ्यांसमोर बोट दाखवलं — "टेड, शनिवारी तू." पोरांनी उचलून थेट बर्फाच्या पाण्यात बुडवलं. आईला फोन केला तर ती हॅलोच्या आधीच रडायला लागली. बाबा म्हणाले, "बुटांच्या नाड्या नीट बांध." बस्स, एवढंच. पण आवाज घोगरा होता.

शनिवार, १० मे
पहिला सामना, पहिला गोल! डाव्या पायानं, तोही तिरका. नवख्याचा पहिला गोल म्हणजे सगळ्या संघानं धावत येऊन अंगावर पडायचं — पडले! बरगड्या अजून दुखतायत. जिंकलो. क्लबचं गाणं म्हणताना मला मधे उभं केलं आणि बादलीभर सरबत डोक्यावर ओतलं. दोनदा न्हालो तरी केस चिकटच.

रविवार
कोच — "करार या मोसमापुरता, लक्षात आहे ना? प्रत्येक सामना परीक्षा समज." आहे हो लक्षात! झोपेतसुद्धा आहे.

गुरुवार, १२ जून
परवा पर्थवाल्यांशी सामना. म्हणजे कॉर्बिनशी! माझ्या सख्ख्या भावाशी! नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला त्यांनी उचललं, मला इथं मेलबर्नच्यांनी. तिथं आपली मर्जी चालते थोडीच. आईनं दोन्ही संघांच्या रंगांचा मफलर विणलाय. "मी कुणाचीच बाजू घेणार नाही," म्हणते.
त्याचा फोन आला. "टेड्या, धूळ चारतो बघ तुला."
"आधी गाठ तर मला, मग चार!"

शनिवार, १४ जून
धरणी दुभंगावी आणि आत जावं!
सामना संपतच आलेला. आम्ही तीन गुणांनी पुढे. चेंडू माझ्या हातात, अंगावर पर्थचे दोन लाल जर्सीवाले. आणि मागून हाक — "टेड्या, इकडे!" हातातला पास मुठीनंच द्यायचा; न बघताच मारला. थेट हाकेकडे. परसात, मेंढ्यांच्या कुरणात, शाळेत, लहानपणापासून त्या हाकेला असाच देत आलोय ना! वळून बघतो तर काय — लाल जर्सी. कॉर्बिन! तोही क्षणभर बावचळला. मग शहाण्यानं चेंडूला लाथ घातली. चेंडू खांबांमधून पार. गोलचे सहा गुण. हरलो.
कप्तान म्हणाला, "भाऊ आहे माहीत होतं रे, पण घरपोच सेवा?" सगळे हसले. कोच हसला नाही.
कॉर्बिन नंतर आला, हसून हसून डोळ्यांत पाणी. "शप्पथ, तोंडातून निघून गेलं रे!" मेल्या! वर आई म्हणते कशी — "पास मात्र छान होता हो."

सोमवार
देशभर तीच चित्रफीत. कॉफीवाल्यानं कप पुढे केला आणि ओरडला — "टेड्या, इकडे!" मीही हसलो. रडून काय उपयोग?

गुरुवार, १९ जून
दुय्यम संघात. परत.

शनिवार, २३ ऑगस्ट
आज चार गोल मारले. बघायला कोण? दोन म्हातारे आणि एक कुत्रा. कुत्रा खूश होता! तरी सोडणार नाही मी. अजिबात नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर
कोचनं खुर्ची दिली, चहा दिला, तेव्हाच ओळखलं. "तुला सोडतोय, टेड." गाडीत बसून ढसाढसा रडलो. बाबा म्हणाले, "ये घरी. मेंढ्या कातरायला माणूस हवाच आहे." त्यांची समजूत घालायची तीच तऱ्हा.

बुधवार, ८ ऑक्टोबर
दुपारी अंगभर लोकर, आणि फोन. पर्थवाल्यांचा कोच! "कॉर्बिनला न बघता चेंडू देणारा देशात एकच माणूस आहे. तो आम्हाला हवाय. येतोस?"
फोन स्पीकरवर; मी लोकरीचे हात पुसतोय तोवर आईच मागून ओरडली — "येतो! येतो तो!"