आजीसमोर चहा बंद

४ फेब्रुवारी

तोंडाने काही नाही! घोटभर पाणीसुद्धा नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर आजीला गिळता येत नाही. दिलं तर फुफ्फुसात जाईल, म्हणे. नाकातल्या नळीकडे बोट दाखवून डॉक्टर म्हणाले, "आता हाच रस्ता." आज तिला घरी आणलं. बोलणंही गेलंय. ऐकू मात्र सगळं येतं.

६ फेब्रुवारी

सकाळी बाबांनी नेहमीसारखा चहा ठेवला. वास पोचला तशी आजीने मान वळवली. डावा हात उचलला आणि बोटं कप धरल्यासारखी वळवली. मी काय करणार? माझा कप घेऊन जिन्यात पळाले. तर तिथे बाबा आधीच उभे— हातात कप, डोळ्यांत पाणी. चोरासारखे दोघं!

ठरलं. आजपासून घरात चहा बंद.

९ फेब्रुवारी

आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची पाटी, खुर्ची सोडायची नाही. आजोबा लवकर गेले, दोन मुलं पदरात. "जन्मभर लोकांची बोलणी जोडून देत बसले, मला मेलीला बोलायला कोण होतं?" म्हणायची. निवृत्त झाली आणि सगळी कसर आमच्यावर काढली!

तिची चैन ती काय— सगळ्यांच्या आधी उठायचं, खिडकीत पाय उन्हात टाकायचे, फुर्र आवाज करत चहा प्यायचा आणि खालच्या रस्त्यावरची भांडणं ऐकायची. भांडण मिटलं की वैतागायची. "एवढ्यात समेट? माझा चहा तरी संपू द्यायचा!"

लिहिता लिहिता एकटीच हसले. मग रडू आलं.

१० फेब्रुवारी

काका आला. पन्नाशी उलटली तरी आजी त्याला बोक्याच म्हणते, कारण लहानपणी सायीवर डल्ला मारायचा. दर रविवारी यायचा, दोघांचा चहा तासभर चालायचा. आज जिन्यातच कोसळला, हुंदके थांबेनात. बाबांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "तिच्यासमोर रडायचं नाही. आवरलं की वर ये." तसाच परत गेला.

१३ फेब्रुवारी

आजी रडते. आवाज नाही, नुसतं पाणी. पुसलं की परत.

१५ फेब्रुवारी

तिला चहाची आठवण येते, दुसरं काय! म्हणून खिडकी लावून घेतली, कोपऱ्यावरच्या टपरीचा वास यायचा. कपबशा माळ्यावर टाकल्या. रेडिओ बंद, त्यात सारख्या चहाच्याच जाहिराती. आम्ही हळू बोलतो. कुणी आलं तर जिन्यातूनच वाटेला लावतो— नाहीतर "चहा नको" म्हणून जातील, आणि ती ऐकेल.

डॉक्टरांना विचारलं, चमचाभर? जिभेला लावण्यापुरता? "धोका पत्करायचाय का?" म्हणाले. हात टेकले. एवढं साधं सुख मागते आहे ती आणि आम्ही धडधाकट माणसं काही म्हणजे काही करू शकत नाही.

१७ फेब्रुवारी

काका आज कोपऱ्यापर्यंत येऊन तसाच परत गेला म्हणे. टपरीवाल्याने सांगितलं.

२१ फेब्रुवारी

बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात. आज "आ" निघाला, मग "बा". बाबांना वाटलं, त्यांनाच हाक मारली! लहान मुलासारखे खूश. पण रडणं काही थांबत नाही. बाईसुद्धा बुचकळ्यात. "त्यांना काहीतरी सांगायचंय," म्हणाल्या. मला माहीत आहे काय ते. ऐकायची हिंमत नाही.

२४ फेब्रुवारी

आजी बोलली! अडखळत, पण स्पष्ट. बाबा आणि मी पलंगाशी होतो. मी मनाची तयारी केली— चहा मागणार, आणि मला नाही म्हणावं लागणार.

माझा हात घट्ट धरला.

"बोक्या गेला... आणि मला... शेवटचं तोंडही नाही दाखवलंत?"