बाबांचं सांगायचं राहिलं

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण फोनवर आपण दोघंही एकदमच बोलतो आणि शेवटी वहिनी फोन काढून घेते, त्यापेक्षा पत्र बरं.

इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. मार्चमध्ये आमच्या विभागात धर्माभ्यासाची आंतरराष्ट्रीय परिषद भरतेय. कुठकुठल्या देशांतून प्राध्यापक येणार आहेत, आणि त्यांची सगळी सरबराई माझ्या गळ्यात. कोणाला वरच्या मजल्यावर चढवत नाही, कोणाला खिडकीजवळची खोली हवी. दोन थोर विद्वानांनी तर वेगवेगळी पत्रं लिहून कळवलंय की आपल्याला त्या दुसऱ्याच्या शेजारी बसवू नये. आयुष्यभर जगातल्या धर्मांचा अभ्यास केलेली माणसं ही! मी दोघांच्या मध्ये एक बहिरे अध्यक्ष बसवलेत.

मुख्य बातमी आता सांगते. माझा निबंध त्यांनी घेतला. पहिल्याच दिवशी, मोठ्या सभागृहात वाचायचाय. प्रवचनकारांवर आहे. तपशील लिहीत नाही, तुला जांभया येतील.

बाबांचा गुडघा कसा आहे? कानात यंत्र घालतात की अजून खिशातच ठेवतात? वहिनीला सांग, तिने पाठवलेल्या लोकरी मोज्यांमुळे मी या थंडीत टिकून आहे.

लोभ आहेच, तो माझ्या आळसामुळे कमी करू नकोस.

तुझी,
टिटवी

---

१५ जानेवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात आलं. समोर एक आजोबा चष्म्याचा नंबर काढायला बसले होते. त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचं सोडून मी तुझंच पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण मला अजूनही धूसरच दिसतंय.

रविवारी बाबांचं प्रवचन संपल्यावर मी प्रार्थनागृहात उभा राहून सगळ्या मंडळींना सांगितलं, की बाबांचं ऐकत वाढलेली मुलगी आता जगातल्या विद्वानांपुढे प्रवचनकारांवर बोलणार आहे. टाळ्या थांबेनात. आपल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर डोळे पुसले. बाबा मात्र काठी शोधत राहिले, आणि काठी त्यांच्याच हातात होती.

मी यायचं ठरवलंय. तिकीटही काढलं. बाबांना चला म्हटलं तर त्यांनी गुडघा पुढे केला. असू दे, त्यांच्या वतीने मी ऐकेन. तुला माहीत आहे, माझी छकुली त्या तापात गेली तेव्हा मला कोणी उभं केलं ते. ‘ती सुखरूप आहे,’ असं बाबा म्हणाले, आणि त्या तीन शब्दांवर मी आजवर दुकान उघडतोय. अशा माणसांबद्दल माझी बहीण बोलणार, आणि मी घरी बसू?

वहिनी नवा सदरा शिवायला टाक म्हणतेय. आशीर्वाद आहेतच. घसा सांभाळ.

तुझा,
दादा

---

२२ जानेवारी

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दादा येतोय. त्याचं पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

मागच्या हिवाळ्यात तुम्ही मला सांगितलंत, की तुमची श्रद्धा कधीच संपली आहे आणि तरीही तुम्ही दर रविवारी उभे राहता. ते मी तुमच्या परवानगीने निबंधात घेतलं. गाव बदललं, वय बदललं, तुम्हाला टक्कलसुद्धा पाडलं. ओळखीचा कोणीही तुम्हाला ओळखणार नाही. पण दादा ओळखेल. त्याच्या दुःखाच्या दिवसाबद्दल तुम्ही जे सांगितलंत, ते तुम्हां दोघांशिवाय कोणाला ठाऊक नाही, आणि माझा सगळा निबंध त्यावरच उभा आहे.

तो भाग गाळू का? की निबंधच मागे घेऊ? मला जराही वाईट वाटणार नाही. (वाटेल. पण घेईन.)

काय करू ते लवकर कळवा. तब्येत जपा, यंत्र कानात घाला.

आपली,
टिटवी

---

३० जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

टक्कल पाडल्याबद्दल तुझ्यावर रागावण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो.

निबंध मागे घेऊ नकोस. तू विचारलंस तेव्हा मी तुला सांगितलं, कारण तोवर कोणी विचारलंच नव्हतं. प्रवचनकाराला लोक सगळं विचारतात, हे सोडून. श्रद्धा कधी गेली हे मलाही सांगता येत नाही. केस पांढरे होतात तसं झालं. रोज आरशात बघत होतो, पण एक दिवस बघितलं तर सगळेच पांढरे. तुझी आई असती तर तिला आधी कळलं असतं.

तो भागही गाळू नकोस. बाकीचं मी तुझ्याशी वाद घालत बोललो, तेवढं मात्र आतून आलं होतं.

दादाला मी सांगेन. बापाने सांगायची गोष्ट मुलाने परक्यांच्या सभेत ऐकू नये, एवढं मलाही समजतं. तो निघण्याआधी नक्की सांगतो. मग यायचं की नाही ते त्याचं तो ठरवील. तू निश्चिंत मनाने वाच.

तुझा,
बाबा

---

१२ मार्च

टिटवीस,

मी पोचलो. तुला न भेटता निघालो, म्हणून कळवतोय. एरवी लिहिलं नसतं.

मी शेवटच्या रांगेत होतो. तुमची परदेशी भाषा मला येत नाही, म्हणून दाराशी मिळालेलं यंत्र कानाला लावलं. त्यात एक बाई भाषांतर करत होती. तू मंचावर ओठ हलवत होतीस आणि माझ्या कानात ती अनोळखी बाई बोलत होती. आधी मला झोपच येत होती, खरं सांगतो. मग ती बाई सांगू लागली, की एका प्रवचनकाराची नात वारली. त्याचा मुलगा पलंगाच्या कडेवर बसून राहिला, त्याला बूटही घालता येईनात. तेव्हा त्या म्हाताऱ्याने खाली बसून मुलाच्या बुटाच्या नाड्या बांधल्या आणि बांधता बांधता तो म्हणाला, ती सुखरूप आहे. आणि मग त्या म्हाताऱ्याचेच शब्द म्हणून ती बाई म्हणाली, ‘मला ते ठाऊक नव्हतं. माझा त्यावर विश्वासही नव्हता. पण त्याला त्या दिवशी घराबाहेर पडायचं होतं.’

त्या बाईला त्याचं काय! ती पुढच्या वाक्याला लागली. शेजारचे गृहस्थ वहीत काहीतरी उतरवत होते. मी यंत्र काढून खुर्चीवर ठेवलं.

तुला हे ठाऊक होतं. बाबांना ठाऊक होतं. मी एकटाच मूर्खासारखा नवा सदरा घालून आलो होतो. आणि तू मंचावरून माझ्याकडे बघून हसलीस! टिटवी, तू हसलीस.

माझी छकुली कुठे आहे, हे आता मी कोणाला विचारू? तुझ्या प्राध्यापकांना?

उत्तर पाठवू नकोस.

दादा

---

१६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाठवू नको म्हणालास तरी पाठवतेय. फाडून टाकायचं तर वाचून टाक.

तू निघण्याआधी तुला सगळं सांगायचं बाबांनी कबूल केलं होतं. मी तुला शेवटच्या रांगेत बघितलं आणि वाटलं, याला कळलंय आणि तरीही हा आलाय. माझ्या भावाचं मन केवढं मोठं, असं वाटून मी हसले. ते हसू आता आठवतं आणि अंगावर काटा येतो. बाबांवर ढकलत नाही. मी एक फोन करून तुला विचारायला हवं होतं. दुःख तुझं, परवानगी मात्र मी बाबांची घेतली. याला काय म्हणावं ते तूच म्हण.

तू गेल्यावर काय झालं तेही सांगते. एक नामांकित प्राध्यापक उठले आणि म्हणाले, हा प्रवचनकार सरळसरळ ढोंगी आहे, एवढं साधं सांगायला एवढा मोठा निबंध कशाला? सभागृहात हशा पिकला. माझ्याकडे उत्तर तयार होतं, संदर्भांसकट. पण तोंड उघडलं आणि मला फक्त बाबा दिसले, खाली बसलेले. मी संदर्भांचे कागद मिटून ठेवले. बहिऱ्या अध्यक्षांना वाटलं माझं बोलून झालं. त्यांनी आभार मानले आणि टाळ्या पडल्या. मी तुला शोधत जिन्यावरून धावले, तर रस्त्यावर नुसत्या पाहुण्यांच्या गाड्या.

एका मोठ्या नियतकालिकाला निबंध छापायचाय. मी नाही म्हणून कळवलं. तू सांगेपर्यंत तो माझ्या टेबलावरून हलणार नाही, आणि कधीच सांगितलं नाहीस तरी चालेल.

बाबांशी बोललास का? ते फोन उचलत नाहीत. वहिनी म्हणते, घरात कोणी कोणाशी बोलत नाही, ताटंसुद्धा आवाज न करता वाढावी लागतात. दादा, माझ्यावर हवा तेवढा राग काढ. मी लांब आहे, मला सोसेल. ते तुझ्याच घरात राहतात.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

टिटवी

---

८ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

वरची अक्षरं घालू की नको, यात निम्मी सकाळ गेली. शेवटी वहिनी म्हणाली, आशीर्वाद द्यायला राग जावा लागत नाही. म्हणून घातली.

मी घरी आलो त्या दिवशीच बाबांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. सांगायला जमलं नाही, एवढंच म्हणाले. ते खरंच असावं. मी निघालो तेव्हा गुडघा दुखत असताना बसपर्यंत आले होते. वाटेत दर थोड्या वेळाने ‘ऐक’ म्हणत. मी थांबलो की विचारत, पाण्याची बाटली घेतलीस का? मी वैतागून म्हणालो, घेतली हो बाबा, किती वेळा सांगू! बस सुटली तरी ते तोंड उघडं ठेवून उभेच.

पुढच्या रविवारी ते मंडळींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, आता मला बोलता येत नाही, दुसरं कोणी बघा. लोकांना वाटलं घसा बसला. मुख्याध्यापिकाबाईंनी काढ्याची बाटली आणून दिली. बाबांनी ती घेतली. मी तेव्हा मनात म्हटलं, बघा, इथेही अर्धंच सांगितलं.

मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. मग मागच्या आठवड्यात आपला सुतार दाराशी आला. ज्याने प्रार्थनागृहाची बाकं केली तोच. त्याचा धाकटा भाऊ कामावर पडून गेला. तो बाबांना न्यायला आला होता. बाबा म्हणाले, मी आता प्रवचन करत नाही. सुतार म्हणाला, मला प्रवचन नकोच आहे. बाबांना आत जाता येईना की बाहेर. शेवटी मीच चपला पुढे केल्या आणि बरोबर गेलो, कारण सुताराच्या घराचा जिना त्यांना एकट्याने चढवला नसता.

त्या खोलीत माणसं दाटीवाटीने उभी होती. बाबा सुताराशेजारी बसले. बसले ते बसलेच. मग सुतार अगदी हळू म्हणाला, तुम्ही एकदा म्हणा ना, तो सुखरूप आहे म्हणून. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. त्या भरल्या खोलीत म्हातारा माझी परवानगी मागत होता, टिटवी.

मला वाटलं, नाही म्हणावं. खोटं आहे, सांगून टाकावं सगळ्यांना. आणि मग सुताराचा चेहरा दिसला. तो चेहरा मी आतून ओळखतो. मी म्हणालो, म्हणा, बाबा. ते म्हणाले. आवाज चिरकला, पण म्हणाले. सुतार त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला. रडायचाच राहिला होता तो. त्या खोलीत ते वाक्य खरं होतं की खोटं, हे मला कळलं नाही. तुमच्या परिषदेत कोणाला कळत असेल तर मला कळव. टोमणा मारत नाही, खरंच विचारतोय.

म्हणून मी बाबांना माफ केलंय असं समजू नकोस. छकुलीबद्दल मला जी खात्री होती ती आता तशी उरलेली नाही, आणि ती मला कोणी परत देऊ शकत नाही. एखाद्या दिवशी दुकानात नुसता बसून असतो. गिऱ्हाईक समोरची अक्षरं वाचतं, आणि बरोबर वाचलं की चूक याकडे माझं लक्ष नसतं.

निबंध छाप. नाड्यांचं तेवढं काढ. ते आमच्या दोघांचं आहे. त्यावाचून निबंध लंगडा पडला तर पडू दे. आणि त्या ढोंगी म्हणणाऱ्या प्राध्यापकांना काहीतरी चांगलं सणसणीत उत्तर लिही. माझा राग आहे तो माझा. इतरांनी बाबांना ढोंगी म्हणायचं नाही.

काल रविवार. आता मुख्याध्यापिकाबाई बोलतात. वर्गात बोलावं तसं, पण बरं बोलतात. बाबा पहिल्यांदाच मंडळींत बसले होते, भिंतीकडच्या बाकावर, एकटे. प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले. मला मिटवेनात. मी मान वर केली, तर बाबांचेही डोळे उघडे. एवढ्या वाकलेल्या माथ्यांमध्ये आम्ही दोघंच एकमेकांकडे बघत होतो. मग त्यांनी बाकावरची काठी उचलून मांडीवर घेतली आणि जरा भिंतीकडे सरकले. मी उठलो आणि तिथे जाऊन बसलो.

वहिनी तुला मे महिन्यात बोलावतेय. मीही.

तुझा,
दादा