उडणारा टेलर, इंटरवलपर्यंत

सुरत
होळीनंतरचा मंगळवार, १९८२

प्रिय तानबा,

पत्राच्या सुरवातीले काय काय लिहायचं असते ते चौथीत मास्तरनं शिकवलं होतं, मी इसरलो. मी बरा आहे. तू बरा नाईस हे मले माहीत आहे, म्हणून इचारत नाई. तुया बहिणीनं, जयवंताबाईनं, सगळं लिहिलं. कापसाच्या जिनातल्या मशिनीनं तुया उजवा हात नेला तवापासून तू दाराकडं पाठ करून बसून राह्यला, जेवत नाई, कोनासंगं बोलत नाई. तुई माय ताट ठेवते आणि तसंच उचलून नेते. ठीक आहे लेका, बोलू नको. ऐक. आयकाले हात लागत नाई.

सिंदीले कापूस घेऊन जात होतो ते आठवते ना? जिनापुढं बंड्यायची रांग पार नाल्यापर्यंत जाये. दोन-दोन दिवस बंडी पुढं सरकत नसे, आणि तिकडं तंबू टॉकीजचा भोंगा आपल्याले बोलावून राह्यला. बैल आणि कापूस टाकून दोघांनी जाणं तर जमत नसे. मंग एकानं बंडीपाशी बसायचं, एकानं सांजचा खेळ पाहून यायचा आणि दुसऱ्याले सांगायचा. कायदा तुयाच होता. आधी चांगलं सांगजो, मग खोट सांगजो, आणि इंटरवलले थांबजो. ऐकणाऱ्यानं उठून बैलायले पाणी पाजून आणायचं, तवाच पुढचा सिनेमा. मागच्या बंडीचा रामाजीबुढा आपल्या चाकापाशी येऊन बसे, फुकटात आयके आणि वरून म्हणे, "रूप्या, तू सांगतं तवा हिरोपेक्षा व्हिलनच बरा वाटते बे. तानबाले सांगू दे." पुढं तू त्याच जिनात हंगामी कामाले लागला आणि मी गाव सोडलं. त्यानंतर मले कोनी सिनेमा सांगितला नाई, आणि मीही कोनाले सांगितला नाई.

तर काल इकडं एक नवा पाह्यला. हसवायचाच आहे, पण हिरोच्या अंगात शक्ती. धंद्यानं टेलर. इस्त्रीचा करंट लागते आणि त्याले उडता येते. आता चांगलं सांगतो. त्याले उंचीचं भेव वाटते. म्हणून तो उडते कसा, तर भरल्या बंडीच्या उंचीवरून, डोळे मिटून, आणि बायायच्या वाळत घातलेल्या लुगड्यात जाऊन अडकते. त्याची माय म्हणते, "उडाचं तर उड, पण स्वेटर घालून उड." दुनियेचे कपडे बरोबर शिवते, पण उडाचा डरेस शिवाले घेतला तर सोताचं माप सोताले घेता येत नाई. एक बाही लांब, एक आखूड. पाठीवर लाल चादर बांधते, तिच्यावर धोब्याची खूण तशीच. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे, ज्याले वाचवते तोच त्याले शिव्या देते. आगीतून एक बुढी उचलून आणली, तर ती म्हणते, मेल्या, माये वडे आतच राह्यले. माया खोलीवरचा मंगरू, कारंज्याकडचा, इतका हसला की पुढच्या माणसाच्या टोपीवर शेंगदाणे सांडले. मीही हसलो. खोटं कशाले बोलू.

आता खोट. उडतानी वरची तार दिसते. व्हिलन दर सीनमधी बर्फाचा गोळा खाते, तीनदा हसू येते, चौथ्यांदा नाई. गाणे लय आहेत. तो दिवसभर उडून राह्यला तर दुकान कोन पाह्यते, गिऱ्हाईकाचे कपडे कोन देते, काई सांगितलं नाई. आणि तो दर वेळी टायमावर येते. एकदाही त्याले उशीर होत नाई. एकदा तरी उशीर व्हाले पाह्यजे होता, म्हणजे मंग कळलं असतं तो कसा माणूस आहे.

मोठी खोट पुढं आहे. व्हिलनची एक मिल असते. तिथं मारामारीत टेलरची चादर मशिनीच्या पट्ट्यात सापडते. मशीन त्याले ओढून घेते, आत गरगर फिरवते, आणि दुसऱ्या बाजूनं तो पापडासारखा बाहेर येते. उठते, अंग झटकते, मिशीवरून हात फिरवते. टॉकीजमधी शिट्ट्या. मंगरू हसून राह्यला. मले वाटलं उठून त्याची गचांडी धरावी, पण त्याचा काय कसूर, त्याले तुई गोष्ट मी सांगितलीच नाई. तानबा, ज्यानं हे लिहिलं तो चालू पट्ट्यापुढं कधी उभा राह्यला नसन. मी रोज राह्यतो. रंगाईच्या मिलमधी माये हात कोपरापर्यंत निळे झाले आहेत, धुतले तरी जात नाईत, आणि आताशा मशिनीपाशी गेलो की मी ते निळे हात पाठीमागं लपवतो. मुकादम म्हणते, "क्या रे, सेठ बन गया क्या?" त्याले काय सांगू? मशिनीतून निघालेला माणूस घरी जाऊन शर्टाचं बटन कसं लावते, हे दाखवाले पाह्यजे होतं. टेलरच तर होता तो.

आता हे पत्र काऊन लिहिलं ते सांगतो. जयवंताबाईचं पत्र कालच दुपारी आलं. शेवटी लिहिलं आहे की तू सकाळी विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसला होता, आणि तिनं आवाज दिला तर म्हणाला, पाणी पाहून राह्यलो. ते वाचून मले खोलीत बसवलं नाई. मंगरू ओढत होता म्हणून सिनेमाले गेलो. मशिनीच्या सीनानंतर मिलच्या धुराड्यावरून एक मजूर खाली पडते, टेलर डोळे मिटून झेप घेते, आणि तिथंच इंटरवल होते. मी बाहेर आलो तो आत गेलोच नाई. मंगरू खोलीवर पुढचं सांगाले लागला तर त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हणून पुढचं मले माहीत नाई. मायासाठी तो मजूर अजून हवेतच आहे. मी मिलमधी पगाराचा हिशेब मागितला आहे, शनिवारच्या गाडीनं भुसावळवरून येतो. हा सिनेमा वर्ध्याले लागला असन तर दोघं संगं पाहू. नसन लागला तर पुढचा तू सांगजो, तुयाच मनानं, रामाजीबुढ्याले बोलावून. तोवर तुया कायदा तू मोडू नको. इंटरवल झाला आहे. ऐकणाऱ्यानं उठून बैलायले पाणी पाजून आणायचं. कासरा डाव्या हातानं धरता येते. नाल्यावर नेजो, विहिरीवर नाई.

तुयाच, अर्ध्यातच उठून आलेला,
रूपराव