खरूज बाहेरून येते

३ मार्च, सोमवार

आजपासून मी हॉस्पिटलचा इन्फेक्शन कंट्रोल सुपरवायझर. एकोणीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये फायलींची धूळ खाल्ली, शेवटी कोणाचे तरी डोळे उघडले. राजधानीत सुव्हाला तीन दिवसांचा कोर्स, सर्टिफिकेट, छातीवर बिल्ला. वासीतीने बिल्ला बघून विचारलं, पगार वाढला का. बायकोला तत्त्व कधी कळलं नाही.

कोर्सचं सार: रोग बाहेरून येतो. (त्यांनी असं सांगितलं नाही, पण मला समजलं.) हॉस्पिटल मुळात स्वच्छच असतं. बोटीतून, बसमधून माणसं येतात आणि घाण करून जातात.

संकल्प: तीन महिन्यांत हॉस्पिटल चकाचक. मे महिन्यात सून तोकासा बाळंत होणार. माझं पहिलं नातवंड. ते स्वच्छ हॉस्पिटलात जन्मलं पाहिजे. बाकी जग गेलं खड्ड्यात.

५ मार्च, बुधवार

वॉर्डात चटयांवर बंदी. एक पेशंट आला की सहा नातेवाईक त्याच्या खाटेखाली चटया पसरून मुक्काम ठोकतात. तिथेच कसावा, तिथेच डब्यातली मासळी, तिथेच घोरणं. आज अकरा चटया जप्त.

नेमानी नावाचा एक म्हातारा आहे, अंगावर नुसत्या खपल्या. डॉक्टरने 'एक्झिमा' लिहिलंय. त्याच्या मुलीची चटई सगळ्यांत देखणी, चारी बाजूंनी लाल-हिरव्या लोकरीची झालर. मुलगी रडायला लागली, म्हणाली, बाबांना तिच्याशिवाय झोप येत नाही हो. रडण्याने जंतू मरत नाहीत, असं तिला स्पष्ट सांगितलं.

स्टोअरमध्ये जागा नाही. झालरवाली घरी आणली, सुरक्षेसाठी.

दुपारी २.३०: तिच्यावर आडवा होऊन तपासणी केली. दोन तास. वीण उत्तम.

१४ मार्च, शुक्रवार

नाकालोऊ गावात जनजागृती. हे वासीतीचं माहेर. गावप्रमुख माझा मेहुणा सेमेसा. आमच्याकडे मेहुण्याला चेष्टेचा हक्कच असतो आणि हा गृहस्थ तो रोज वसूल करतो.

पद्धतीप्रमाणे आधी यांगोना, मुळं कुटून केलेलं मातकट पेय. एका करवंटीतून सगळं गाव पितं! किळस आली. मान राखायला पाच करवंट्या प्यायलो.

मग हात धुण्याचं प्रात्यक्षिक. या लोकांना सांगून काही कळत नाही, म्हणून एकेका पोराचे हात स्वतःच्या हातात धरले, बोटांत बोटं घालून शिकवलं. त्रेपन्न पोरं. सेमेसा मागून ओरडला, दाजी, पोरं झाली चकाचक, पण तुमचे हात कोण धुणार? सगळं गाव हसलं. अडाणी माणसाला हसायला काही लागत नाही.

आता दर शुक्रवारी जाणार.

१० एप्रिल, गुरुवार

मनगटाला किंचित खाज. डास.

११ एप्रिल, शुक्रवार

बोटांच्या बेचक्यांत. साबण. वासीती स्वस्तातला आणते.

१३ एप्रिल, रविवार

पोटावर. कमरेला गुंडाळायचा सुलू नवा आहे, त्याची गाठ घासते. दुकानदाराला पत्र लिहावं का?

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

पास्टरची प्रार्थना चाळीस मिनिटं. एवढं देवाला तरी ऐकवतं का? भजनाच्या पुस्तकाच्या कडेने कंबर खाजवली. पास्टरला वाटलं, भक्तीने थरथरतोय. नंतर खास जवळ घेतलं, दोन्ही हात दाबले.

वासीतीही खाजवते. तिला बजावलं, माझं बघून सवयी लावून घेऊ नकोस.

उपाय: उद्यापासून लांब बाह्यांचे शर्ट.

२८ एप्रिल, सोमवार

खरूज! वॉर्डात नऊ पेशंट, चार नर्सेस. नेमानीचा तो एक्झिमा म्हणजे खरूजच होती, जुनी, माजलेली. डॉक्टर आता पांढऱ्या कोटात तोंड लपवत फिरतोय. आणि नाकालोऊला तेहतीस पोरं अंग खाजवत बसली आहेत.

मला क्षणात उलगडा झाला. भिंतीवर मोठा तक्ता लावला, नाकालोऊपासून हॉस्पिटलकडे जाणारा लाल बाण काढला. वॉर्डची सिस्टर रामरती बघायला आली. तीस वर्षं एकाच वॉर्डात काढली म्हणून ही बाई स्वतःला डॉक्टरची आई समजते. म्हणाली, नेमानीबाबा तर बंदरावरचे, नाकालोऊचं एकही माणूस दोन महिन्यांत इथे भरती नाही. मग इथून तिकडे दर शुक्रवारी जातं कोण?

मी म्हटलं, मी जातो. का?

तिने माझा लाल बाण बोटाने उलट्या दिशेने गिरवला आणि राउंडला निघून गेली. उत्तर नसलं की लोक असं करतात.

६ मे, मंगळवार

गोळ्यांचा दिवस. नियम सोपा: खाज असो नसो, सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायच्या. एक जरी सुटला तरी सगळं पुन्हा. तोकासाला दिवस भरत आलेत, तिला फक्त मलम. तान्ह्या बाळालाही गोळी चालत नाही, म्हणून मोठ्यांनी चुकवायची नाही, असं सिस्टर रामरतीने तीनदा सांगितलं. मला कशाला सांगते?

नाकालोऊला दोनशे बारा माणसं रांगेत. गोळी गिळली का, तोंड उघडून दाखव, जीभ वर कर. एकाही बदमाशाला सोडलं नाही.

माझ्या गोळ्या खिशात. अधिकारी गावकऱ्यांच्या रांगेत दिसला तर शिस्त राहील का? आणि मला आहे काय, तर साबणाची अ‍ॅलर्जी. सेमेसाने विचारलं, दाजी, तुमचं तोंड कोण बघणार? मी म्हटलं, मी हॉस्पिटलात घेतल्या. हॉस्पिटलात सांगितलं, गावात घेतल्या. दोन्हीकडच्या कागदावर सही आहे. म्हणजे कागदोपत्री मी दुप्पट औषध घेतलंय.

१६ मे, शुक्रवार

मुलगी! लोसालिनी. तीन किलो दोनशे.

सुपरवायझर म्हणून मीच पहिला आत गेलो. सिस्टर रामरती म्हणाली, बाह्या वर करून हात धुवा. हात धुतले. बाह्यांचं माझं मी बघीन म्हटलं.

तासभर घेऊन बसलो होतो. माझं बोट घट्ट धरलं होतं तिने. एवढंसं ते माणूस. आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता, हे लिहून ठेवतो.

२४ मे, शनिवार

बाळाला मांडीवर घ्यायला सगळे नातलग आले, रीतच आहे. नाकालोऊची बोट भरून आली. झालरवाली चटई मधोमध अंथरली, त्यावर मी, मांडीवर नात. माझ्या हातून एकेकाच्या हातात. सेमेसा झालर चाचपून म्हणाला, दाजी, असली वीण बंदरावर नेमानीच्या घरी बघितलीय मी. म्हटलं, हल्ली सगळे एकमेकांच्या नकला करतात.

उकाडा भयंकर. लांब बाह्यांत घामाच्या धारा. अ‍ॅलर्जी आता खांद्यापर्यंत.

९ जून, सोमवार

खरूज परत! वॉर्डात सहा, नाकालोऊला एकोणीस. मेमो लिहिला: ग्रामस्थांनी गोळ्या थुंकून टाकल्या असाव्यात, अशा लोकांवर सरकारी औषध वाया घालवू नये. भाषा कडक उतरली. तीन प्रती काढल्या.

११ जून, बुधवार

लोसालिनी दिवसभर किरकिरते. तोकासा म्हणते, तळपायांना पुरळ आहे. घामोळं, दुसरं काय? आजकालच्या पोरींना धीर म्हणून नाही. मीच तिला मांडीवर घेऊन झोपवली.

१४ जून, शनिवार

घामोळं नाही. तळपायांना, तळहातांना पू भरलेले फोड. ताप एकशे तीन. मुलाने उचलून हॉस्पिटलात नेली. सलाइन लावायला शीर सापडेना. चार वेळा टोचलं. मी बाहेर उभा होतो, तरी रडणं ऐकू येत होतं.

मलम सापडत नव्हतं म्हणून स्टोअरकीपरवर ओरडलो. ते त्याच्या हातातच होतं.

१६ जून, सोमवार

सिस्टर रामरतीने मला खोलीत बोलावलं. सेमेसाही बसला होता. टेबलावर सहा मेचे दोन कागद. हॉस्पिटलच्या कागदावर माझी सही, सकाळी दहा. नाकालोऊच्या कागदावर माझी सही, सकाळी दहा. बोटीला दीड तास लागतो, ती म्हणाली. आवाज चढवला नाही. म्हणाली, रुसियातेभाऊ, बाह्या वर करा.

केल्या. वासीतीनेही इतके दिवस बघितले नव्हते ते हात त्यांनी बघितले.

सेमेसा पहिल्यांदाच हसला नाही. मी म्हटलं, साबण. तो म्हणाला, दाजी, पुरे.

पेल्यातून पाणी दिलं. त्यांच्या समोर गोळ्या गिळल्या. तोंड उघडून दाखवायला कोणी सांगितलं नाही. मीच उघडलं.

१७ जून, मंगळवार

ताप थोडा उतरला. मला आत सोडत नाहीत, अजून आठवडा तरी. बरोबर आहे.

तोकासा दारापर्यंत आली. मला वाटलं, शिव्या देईल. म्हणाली, बाबा, तुम्ही तिला तासभर घेऊन बसला होतात ना, मला नको वाटत होतं. पण तुमच्या छातीवर बिल्ला होता. म्हटलं, यांना कळतं.

मला लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही.

दुपारी: सिस्टर रामरतीने फॉर्म दिला. मार्चपासून ज्यांना ज्यांना हात लावला त्यांची नावं. त्रेपन्न पोरं, वॉर्ड, पास्टर, वासीती, बोटवाला. पाच पानं झाली तरी संपेनात. ती म्हणाली, सगळ्यांत लहान कोण ते वर लिहा, तिथे आधी लक्ष द्यावं लागतं.

नवीन पान घेतलं. लोसालिनी. वय एक महिना एक दिवस. कुठे भरती: इथेच. शेवटचा रकाना: कोणाकडून लागण झाली. 

माझं नाव लिहिलं. आडनावासकट.